परक्याचे टपाल

दिवाळी जवळ आली की घरोघर साफसफाई निघते. माळे रिकामे होतात, डबे घासले जातात आणि कपाटावरची, देवळीतली, मीटरच्या पेटीमागची कागदांची चळत रद्दीवाल्याच्या तराजूत पडते. भाड्याच्या घरातील या चळतीत एक जिन्नस हमखास असतो : आपल्याआधी तिथे राहून गेलेल्या बिऱ्हाडाचे टपाल. ते रद्दीत घालण्याचा आपल्याला काडीचाही अधिकार नाही, एवढेच मला भांडून सांगायचे आहे. सणाच्या अंकात भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण हे पाप सणाच्याच मुहूर्तावर घडते, तेव्हा भांडणालाही तोच मुहूर्त बरा.

माझी नोकरी बदलीची. जळगाव ते धुळे आणि धुळे ते जळगाव असे माझे बिऱ्हाड घाण्याच्या बैलासारखे फिरत राहिले. प्रत्येक घरी माझे सामान लागण्याआधी माझ्या पूर्वजांचे टपाल हजर! पूर्वज रक्ताचे नव्हेत, भाड्याचे. जळगावच्या एका घरी तर अशा तीन पिढ्या टपालातून नांदत होत्या : एक कापसाचे दलाल, एक परिचारिकाबाई आणि विद्यापीठात शिकणारा एक मुलगा. शेजाऱ्यांना विचारले, तर एकच सल्ला मिळाला : "अहो, टाकून द्या की! महत्त्वाचे असते तर न्यायला आले नसते का?" असा सल्ला देणारी मंडळी वाईट नसतात. कोणाचा विसरलेला तांब्या यांच्या घरी राहिला, तर तो ती वर्षभर फडताळात जपतील आणि आखाजीला त्या गावी निघालेल्या माणसाच्या हाती आठवणीने धाडतील. मग तांब्याला जो मान, तो कागदाला का नाही?

"हल्ली पत्रे लिहितो कोण?" हे पहिले उत्तर. खरे आहे. खुशालीचे कार्ड गेले, सासुरवाशिणीचे आंतर्देशीय पत्रही गेले. पण म्हणूनच उरलेले टपाल बहुधा कामाचे असते : बँकेचे कार्ड, पॅनचे कार्ड, विम्याचा कागद, न्यायालयाची नोटीस. पूर्वी पत्र हरवले तर नुकसान मायेचे होई. आता ते पैशाचे आणि अब्रूचे होते. १८९७ सालचा एक कायदा आहे. टपालाने बजावायचा कागद नीट पत्ता लिहून, हशील भरून रजिस्टरने धाडला, की उलट सिद्ध होईपर्यंत तो पोचला असे तो कायदा धरून चालतो. रजिस्टर टपाल २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले. पण घरात आलेल्या कागदाचे वजन त्यामुळे कमी झालेले नाही. न वटलेल्या चेकची नोटीस मिळाली, की पैसे भरायला मुदत असते १५ दिवसांची. ती नोटीस तुम्ही सही करून घेतलीत आणि फ्रिजवर ठेवून दिलीत, तर देवपुरात राहायला गेलेल्या त्या गृहस्थाने "मला मिळालीच नाही" हे कोर्टात कोणत्या तोंडाने सिद्ध करावे?

"पण त्याचा नवा पत्ता आम्हांला ठाऊक नाही!" अहो, तो कोणी मागितला आहे? पाकिटावर 'पत्तेदार येथे राहत नाही' एवढे लिहून ते पोस्टमनच्या हाती द्यावे किंवा पेटीत टाकावे. पुढचे काम टपालखात्याचे : पाठविणाऱ्याचा पत्ता असेल तर ते त्याच्याकडे परत जाते. पोस्टमनला दोष देऊन सुटता येत नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिनकोड आला. तो बसविणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचेही मोठे लेखक. त्या सहा आकड्यांनी जळगाव ४२५००१ झाले, धुळे ४२४००१ झाले. कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या धुळ्यात तर गल्ल्यांनाही नंबर आहेत. पण आकडा गल्ली दाखवितो. त्या गल्लीतून कोण कधी उठून गेले, हे आकड्याला कसे कळावे? ते ठाऊक असते फक्त आपल्याला.

आता खरा अपराध, फोडण्याचा. "चुकून फोडले हो!" पाकिटावर ठळक अक्षरांत दुसऱ्याचे नाव असताना ही चूक होते कशी? पाठविणाऱ्याचा पत्ता नसलेले, वाटेवर अडलेले पत्र टपालखाते आपल्या एका खास कचेरीत धाडते. तिला पूर्वी 'डेड लेटर ऑफिस' म्हणत. १८९८ च्या टपाल कायद्याने असे पत्र उघडण्याची मुभा दिली, तीही गुप्तता पाळण्यास बांधलेल्या अधिकाऱ्याला. एवढ्या मोठ्या सरकारने जे हात थरथरत केले, ते आपण चहाचा पेला खाली न ठेवता करतो! त्याच कायद्यात दुसऱ्याचे टपाल मुद्दाम दडवून ठेवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ साली त्या कायद्यातल्या शिक्षा काढून टाकल्या गेल्या, आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या टपाल कायद्यातही हा गुन्हा नाही. म्हणजे आता हा मामला आपल्या सभ्यतेवर सोपविला आहे. पाहारा उठला की शेजाऱ्याच्या शेतातली केळी तोडावी काय?

इथे धुळ्याचा एखादा शहाणा हटकून म्हणेल, "राजवाड्यांनी नाही का दुसऱ्यांची पत्रे वाचली?" वाचली. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या घरची दप्तरे धुंडाळली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड त्याच १८९८ साली काढला. १९२६ साली धुळ्यातच त्यांनी देह ठेवला. पुढच्या वर्षी उभे राहिलेले त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्याचे भूषण आहे. पण त्या पत्रांचे धनी जाऊन शतक उलटून गेले होते. तुमच्या पत्राचा धनी नुसता बिऱ्हाड बदलून गेला आहे, तो जिवंत आहे! शिवाय राजवाड्यांना ती पत्रे मिळाली, कारण कोणी तरी ती जपली होती. नक्कल करायची तर त्या जपणाऱ्यांची करा.

घर सोडून जाणाऱ्यानेही बँकेत, विमा कचेरीत आणि पोस्टात नवा पत्ता कळवावा. घरमालकाने डिपॉझिट परत करताना तेवढे विचारावे. त्यांच्या आळसाची वकिली मी करणार नाही. पण त्यांच्या आळसाने आपले कर्तव्य माफ होत नाही. आज आपण नवे बिऱ्हाडकरू आहोत. उद्या आपणच कोणाचे तरी 'आधीचे' होणार.

तेव्हा गृहिणींनो आणि गृहस्थहो, रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ती चळत एकदा चाळा. परक्या नावाचे एकूण एक पाकीट, न फोडता, शेरा लिहून पोस्टाच्या पेटीत टाका. कंदील टांगण्यापूर्वी एवढे ओझे घरातून गेलेले बरे.