गुलाममालकांचा घोडेस्वार

अमेरिकेत ऑस्टिन येथे टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारात ‘टेरीज टेक्सास रेंजर्स’ या दक्षिणेकडील घोडदळाचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा उभारण्यात आला. हे शौर्याचे स्मारक, असे समर्थक सांगतात. शौर्य कशासाठी? १८६१ च्या फुटीच्या जाहीरनाम्यात टेक्सासच्या गुलाममालकांनी स्वतःच गुलामगिरीचे रक्षण हे कारण नोंदविले आहे! पुतळा १९०७ चा. १९०२ मध्ये मतदानासाठी डोईपट्टी सक्तीची करून काळ्या व गरीब गोऱ्या कष्टकऱ्यांचा मताधिकार हिरावला गेला होता. (खुद्द त्या विधानभवनासाठी सक्तमजुरीच्या कैद्यांकडून ग्रॅनाइट फोडून घेतला, १८८५ मध्ये पाथरवटांच्या युनियनने बहिष्कार पुकारला, तेव्हा कंत्राटदाराने स्कॉटलंडहून कारागीर आणविले.) जनतेच्या आवारातून हा घोडेस्वार उतरवून, जाहीरनाम्याच्या प्रतीसह, वस्तुसंग्रहालयात ठेवला पाहिजे.