दोरी त्याच्या गळ्यात, ब्रेक तुमच्या हातात

शिवाजी पार्कला सकाळी राउंड मारणाऱ्यांना हा सीन ओळखीचा वाटेल. स्कूटरवर एक तरुण, एक हात हॅण्डलला, दुसऱ्या हातात पट्टा. पट्ट्याच्या त्या टोकाला जीभ बाहेर काढून धावणारा लॅब्रेडोर. कट्ट्यावरच्या आजी विचारतात, 'अरे, दम नाही का लागत त्याला?' उत्तर येतं, 'नाही हो आजी, मस्त एन्जॉय करतोय तो!'

खरंच करतोय का एन्जॉय?

थांबा, त्या मुलाला लगेच व्हिलन ठरवू नका. त्याचा कुत्र्यावर जीव आहे, म्हणून तर तो सकाळी उठलाय. लालबाग-परळमध्ये जिथे गिरण्यांचे भोंगे वाजायचे, तिथे आता टॉवर आहेत. अठराव्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात तीस किलोचा कुत्रा आणि दिवसभर ऑफिसात अडकलेले आपण. संध्याकाळी घरी यावं तर सोफ्याचा कोपरा गायब! मग शॉर्टकट सुचतो. गाडी काढा, पंधरा मिनिटं पळवा, तो दमला, आपण फ्रेश. टाइम मॅनेजमेंटचा एकदम सही फंडा!

पण बॉस, गडबड इथेच आहे. तुम्ही त्याच्यासोबत पायी धावता, तेव्हा तुमचा स्वतःचा दम हाच ब्रेक असतो. तुम्हाला धाप लागली की दोघंही थांबता. गाडीवर बसलात की तो ब्रेक निघून जातो. तुम्हाला वारा लागतोय, त्याच्या छातीचा भाता झालाय आणि तुमच्या पायांना काहीच कळत नाही. 'आता बस' असं तो म्हणणार नाही. ज्याच्यावर त्याचा सगळ्यात जास्त विश्वास, तोच पुढे चाललाय. मग तो कोसळेपर्यंत मागे धावत राहतो.

त्यात आपली मुंबईची हवा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना येतो तेवढाच. शरीर थंड करायची त्याची मुख्य सोय म्हणजे धापा टाकणं, जिभेवरची आणि तोंडातली ओल हवेत उडवणं. हवाच ओलीचिंब असेल तर ती उडणार कशी? कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. ते ४१च्या वर गेलं की उष्माघात, आणि त्यात जीवही जातो. २००३च्या हचच्या जाहिरातीनंतर पग घराघरांत लाडका झाला. त्या चपट्या नाकाच्या पगला, बुलडॉगला तर साधी धापही धड टाकता येत नाही. पिल्लांचंही तेच. मोठ्या जातींची हाडं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर डांबरावरची सक्तीची धाव सांध्यांना महागात पडते. आणि आपला कारवानी? महाराष्ट्राचा हा शिकारी कुत्रा वाऱ्यासारखा पळतो. पण त्याचं अंग ससा दिसला की झेप घेण्यासाठी आहे, स्कूटरच्या स्पीडोमीटरसाठी नाही.

आता रस्त्याकडे या. दादरच्या गल्लीत एखादी मांजर आडवी गेली, की पट्टा एकीकडे आणि हॅण्डल दुसरीकडे. तुम्ही पडलात तर तो गाडीखाली. पट्टा मनगटाला गुंडाळलेला असेल तर तुम्हीही सुटत नाही. २०२० मध्ये केरळात आणि २०२२ मध्ये जोधपूरला कुत्र्याला गाडीला बांधून फरफटत नेल्याचे व्हिडिओ देशभर गाजले. ती उघड क्रूरता होती, मान्य. पण दोरीला हेतू कळत नाही. प्रेमाने धरलेला पट्टाही तसाच ओढतो.

गंमत बघा, १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये या दोन्ही बाजू आहेत. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा गुन्हा, आणि जनावराला त्रास होईल इतकं दामटणं हाही गुन्हा! पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये. म्हणजे एका वडापावात कायदा मिटला. जर्मनीत वाहतुकीचा नियमच सांगतो, की मोटरवाहनावरून जनावर न्यायचं नाही, सायकलवरून फक्त कुत्रा चालेल. ऑस्ट्रेलियाच्या नियमांत तर सायकललाही मनाई आहे.

या शहराला हा विषय नवा नाही. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या आणि त्या १९०५ पर्यंत धावल्या. परळचं प्राण्यांचं हॉस्पिटल त्याच काळातलं. त्याचं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट, पण टॅक्सीवाल्याला 'बैलघोडा' सांगा, बरोबर नेऊन सोडेल. २०१५ मध्ये हायकोर्टाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या. जनावराने गाडी ओढणं आपण थांबवलं. आता गाडीने जनावराला ओढायचं का?

मग करायचं काय? पायी निघा. ऊन चढायच्या आत किंवा रात्री जेवणाआधी. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद डांबरावर ठेवा. तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसणार. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घ्या, पाण्याची बाटली सोबत ठेवा आणि भरल्या पोटी पळवू नका. त्याला मनसोक्त हुंगू द्या. प्रत्येक खांबापाशी थांबण्यात त्याचं डोकंही दमतं, आणि सोफा वाचतो तो त्यामुळेच. शिवाजी पार्कची एक फेरी साधारण १.२ किलोमीटरची. दोन फेऱ्या मारा, तुमचाही जिमचा एक दिवस भरला. तुम्हाला वेळच नसेल तर कुत्रा फिरवणाऱ्या माणसाला पैसे द्या, पण तो पायीच फिरवतो ना, हे आधी विचारा.

आणि चुकून कधी तो अडखळला, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, तर 'पाच मिनिटं बघू' म्हणू नका. सावलीत न्या, अंगभर नळाचं पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टर गाठा.

गाडीची चावी घरीच राहू द्या. तो दमेल तेव्हा तुम्हीही दमलेले असाल. याहून भरवशाचा ब्रेक अजून कुठल्याच कंपनीने काढलेला नाही!