चार चाकं आणि एक कुलूप

गेल्या जुलैतली गोष्ट. कोकणात अक्काच्या वाडीपर्यंत डांबरी रस्ता अजून गेलेला नाही. शेवटचा दीड किलोमीटर चढाचा, जांभ्याचा आणि पावसाळ्यात निव्वळ चिखलाचा. अक्काला सडकून ताप भरलेला, तिला तालुक्याला न्यायचे म्हणून मी आणि भाचा त्याची जुनी जीप घेऊन निघालो. 'मामा, फोर बाय फोर आहे, घाबरू नका,' असे तो म्हणाला आणि पाचच मिनिटांत जीप तिरकी होऊन बसली. पुढचे डावे चाक चिखलात, मागचे उजवे अधांतरी. दोन्ही नुसती गरगर फिरत होती आणि घट्ट जमिनीवरची दोन चाके मात्र ढिम्म! शेवटी चार गड्यांनी अक्काला खुर्चीत बसवून खाली आणले.

तेव्हापासून भाचा 'डिफ लॉक' बसवायच्या मागे लागला आहे, आणि मराठी घेऊन बी.ए. झालेला मी त्याचा फुकटचा सल्लागार. (हसू नका मंडळी, बदली तासाला विज्ञानही शिकवले आहे.)

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना म्हणजे डिफरन्शियल. कवायतीत रांग वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरचा ढांगा टाकतो, तसेच. पण हिची खोड अशी, की ती दोन्ही चाकांना जोर सारखाच देते. अधांतरी चाक फिरवायला जेमतेम जोर लागतो, मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच जेमतेम मिळतो. लॉक केले की दोन्ही चाके एकाच दांड्याला जोडल्यासारखी फिरतात. तीन पायांची शर्यतच ती! सरळ जाताना ठीक, वळताना पंचाईत.

भाच्याचा जीव आपोआप लागणाऱ्या लॉकरवर जडलाय. स्वस्त, ना कॉम्प्रेसर ना वायरिंग. माझे मत साफ विरुद्ध. ॲक्सिलरेटर दाबला की तो धरतो, वळणावर सोडतो, आणि केव्हा ते आपल्याला विचारत नाही. आखूड जीपला ओल्या घाटात त्याचा झटका जाणवतो, आणि आमच्या वाटेवरची निम्मी वळणे दरीच्या अंगाला. लिमिटेड स्लिप एरवी बरी, पण चाक पुरते अधांतरी झाले की तिच्याने फारसे होत नाही. आणि आमचे दुखणे नेमके तेच.

तेव्हा बटण दाबल्यावरच लागणारा घ्यावा, हवेचा किंवा विजेचा, महाग पडला तरी. आणि तो फक्त मागे. चढावर वजन मागेच येते, पुढचा लॉक लावला की स्टिअरिंग वळता वळत नाही. फोर्सच्या गुरख्याला पुढे-मागे दोन्ही कंपनीकडूनच येतात हे खरे, पण तेही हवे तेव्हाच लावता येतात. डांबरावर आले की लॉक काढायचा, नाहीतर टायर घासतात आणि ॲक्सलवर ताण येतो. टायरवरून आठवले, त्याचे पार गुळगुळीत झालेत. ते आधी बदल म्हटले, तर हे चिरंजीव विषय बदलतात.

'मामा, ऐन वेळी बटण दाबायला विसरलो तर?' विसरलास तर गाडी रुतेल, दुसरे काय! रुतलेल्या गाडीतून अक्काला उतरवून घेता येईल.

गॅरेजवाल्याने दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. अक्का म्हणते, मला आपली खुर्चीच बरी, हादरे तरी बसत नाहीत.