रुईचा बिऱ्हाडकरू

बीडहून धाराशिवला निघालात की वाटेत चौसाळा लागते. पाऊस सरून दिवाळी आली, की या बाजूला बांधांवर आणि पडीक जागांत रुई माजलेली दिसते. शनिवारी मारुतीच्या माळेपुरती तिची आठवण. एरवी गुरेही तिला सहसा तोंड लावीत नाहीत! पण या झुडपालाही एक निष्ठावंत बिऱ्हाडकरू आहे. पंख नारिंगी, टोके काळी आणि त्यांवर पांढरे ठिपके, असे हे फुलपाखरू. इंग्रजीत त्याला ‘प्लेन टायगर’ म्हणतात. स्पेन-ग्रीसच्या किनाऱ्यावरही हेच उडते. स्वीडनच्या लिनीअसने १७५८ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. आणि इजिप्तमधील नेबामुनच्या थडग्यातल्या, सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या चित्रातही ते स्पष्ट ओळखू येते.

त्याचा संसार पाहायचा तर रुईचे पान हलकेच उलटावे. मादी एका जागी एकच अंडे चिकटविते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि पहिला घास घेते तो अंड्याच्या कवचाचा! अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि शिंगांसारख्या काळ्या तंतूंच्या तीन जोड्या, ही तिची खूण. दोनेक आठवडे पाने खाऊन ती स्वतःला उलटी टांगून घेते. कात गळते, आणि हिरवट किंवा गुलाबी कोष दिसू लागतो. आठ-दहा दिवसांनी त्यातून फुलपाखरू निघते.

रुईच्या चिकात विष असते. पानांबरोबर ते अळीच्या अंगात मुरते आणि पुढे फुलपाखरूही पाखरांना कडू लागते. एकदा चव घेतलेला पक्षी सहसा पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून तर याचे उडणे इतके सावकाश!

या दराऱ्याचा फायदा एक तोतया घेते. ‘डॅनेड एगफ्लाय’ जातीची मादी अगदी हाच पोशाख करते. तिच्या अळ्या मात्र घोळ या आपल्या रानभाजीवर वाढतात. मग ओळखावे कसे? मागचा पंख पाहा. खऱ्याच्या पंखावर मध्यभागी तीन काळे ठिपके, नराला आणखी एक चौथा. तोतयाला वरच्या कडेशी एकच.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत कुंपणाची रुई उपटण्यापूर्वी, माळेसाठी पाने खुडण्यापूर्वी, पान उलटून पाहा. अंडे किंवा अळी असेल तर ते तसेच राहू द्या. अळी उचलून मेथीवर सोडलीत तर ती उपाशी मरेल. मुलांना जरूर दाखवा, फक्त चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. माळेत दोन पाने कमी पडली म्हणून मारुतिराय काही रागावणार नाहीत!