जुन्या ट्रॅक्टरला वाढीव वॉरंटी घ्यायची का? माझं मत: नको



आजचा मेसेज धानाच्या बियाण्याबद्दल नाही, ट्रॅक्टर आणि पिकअपबद्दल आहे. "मॅडम, तुम्ही मातीचं सांगा, इंजिनचं मिस्त्री सांगेल," असं कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. पण या महिन्यात मला बीजप्रक्रियेपेक्षा जास्त फोन वॉरंटीवर आले. एक प्रतिनिधी गावोगाव फिरून सांगतो आहे की गाडी सहा-सात वर्षांची झाली असली तरी चालेल, वर्षाला १५ हजार भरा, मोठं काम निघालं तर आम्ही बघू. त्याने आपल्या कंपनीलाही विचारलं आहे, की हे कार्ड तुम्ही सभासदांना विका आणि प्रत्येक कार्डामागे कमिशन घ्या. संचालक मंडळ पुढच्या बैठकीत ठरवणार आहे. खाली लिहिलंय ते माझं स्वतःचं मत आहे, कंपनीचं नाही.

आधी १५ हजार म्हणजे किती ते बघू. गेल्या हंगामात, २०२५-२६ ला, साधारण धानाचा हमीभाव २३६९ रुपये क्विंटल होता. म्हणजे खरेदी केंद्रावर सहा क्विंटलपेक्षा जास्त धान मोजून द्यायचं, तेव्हा हे एक कार्ड येतं. आणि ते दरवर्षी.

आता त्या बदल्यात काय मिळतं? मी दोन दादांनी पाठवलेले नियमांचे फोटो नीट वाचले. अक्षर बारीक आहे, पण मजकूर अशा सगळ्याच कागदांवर साधारण सारखा असतो. क्लच प्लेट, ब्रेक, टायर, बॅटरी, बेल्ट, फिल्टर, ऑईल सील, रबरी पाईप हे सगळं "झिजणारे भाग" म्हणून बाहेर. आता मला सांगा, आपल्याकडे ट्रॅक्टरचं काय जातं? चिखलणीत दिवसभर बांधीत फिरून सील जातात, हबमध्ये चिखलपाणी शिरतं, क्लच घासतो. आलापल्ली-एटापल्ली रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांमागून पिकअप चालवली की पाटे, बुश आणि बेअरिंग बोलायला लागतात. जे आपल्याकडे रोज तुटतं तेच यादीत नाही.

दुसरी अट डिझेलची. पंप लांब म्हणून आपण कॅनमध्ये डिझेल भरून गावात नेतो. कॅनमध्ये पाणी, कचरा राहतो आणि तो पंप-नोझल खातो. "दूषित इंधनामुळे झालेलं नुकसान" वॉरंटीत बसत नाही. आणखी एक ओळ असते, गाडी भाड्याने चालवत असाल तर दावा नाही. आपल्यापैकी कोणाचा ट्रॅक्टर शेजाऱ्याची नांगरणी करत नाही? भाड्याच्या कमाईवरच तर हप्ता फिटतो.

आमच्या घरचं सांगते. माझे बाबा चंद्रपूर जिल्ह्यात धान आणि भाजीपाला करतात. जुन्या पिकअपला त्यांनी असंच कार्ड घेतलं होतं. दुसऱ्या वर्षी गिअरबॉक्समधून आवाज यायला लागला. गाडी ओढून वर्कशॉपला नेली, त्याचं भाडं बाबांनीच दिलं. तिथे सगळ्या सर्व्हिसची बिलं मागितली. रोवणीच्या घाईत एक ऑईल बदली गावातल्या मिस्त्रीकडे केली होती, त्याचं बिल नव्हतं. झालं, दावा नामंजूर. आधी सांगितलं बेअरिंग झिजणारा भाग आहे, मग सांगितलं बिल नाही. अकरा दिवस गाडी तिथे उभी. माझा राग पैशापेक्षा त्या अकरा दिवसांवर जास्त आहे.

कारण आपल्याला खरी भीती खर्चाची नसते, दिवसांची असते. पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे झाले की बांधीत जायला पाहिजेत. उशीर झाला, पऱ्हे वाढून गेले, की फुटवे कमी येतात, मग खत कितीही टाका. ट्रॅक्टर चिखलणीच्या मधोमध बसला तर वॉरंटीवाला काय करणार? अधिकृत वर्कशॉपला आणा म्हणेल. जारावंडी किंवा गट्टा भागातून बंद ट्रॅक्टर आलापल्ली-अहेरीला न्यायचा, नाहीतर गडचिरोली, चंद्रपूर. मध्ये नाल्यावर पाणी चढलेलं. पोचला तरी आधी तपासणी करणारा येणार, मग मंजुरी, मग पार्ट मागवणार. तोपर्यंत रोवणी संपते. गावातला मिस्त्री रात्री बॅटरीच्या उजेडात सील बदलून देतो, आणि त्याने हात लावला की वॉरंटी संपली! नागपूरला, जिथे वर्कशॉप चार किलोमीटरवर आहे, तिथे हे कार्ड कदाचित कामाचं असेल. इथे नाही.

तरी दुसरी बाजू आहे. मला एका दादांनी फोनवर चांगलं ऐकवलं. म्हणाले, "ताई, पंधरा हजार घरात ठेवले तर राहतात का? लग्न निघतं, दवाखाना निघतो. कार्डात टाकले तर निदान इंजिनसाठी अडकून राहतात." हे खरं आहे. इंजिनचं पूर्ण काम निघालं तर खर्च पन्नास हजारांच्या वर सहज जातो आणि तेव्हा सावकार आठवतो. पण कार्डातले पैसे अडकून राहत नाहीत, वर्ष संपलं की ते गेले. अडकवूनच ठेवायचे तर बचत गटात किंवा पोस्टात वेगळं खातं काढून ठेवा. हप्त्याने ठेवले तरी चालतील. तीन वर्षं काही झालं नाही तर ४५ हजार तुमचेच.

नवीन गाडी असेल तर माझं मत वेगळं आहे. ट्रॅक्टर अजून कंपनीच्या मूळ वॉरंटीत आहे, कर्ज चालू आहे, प्रत्येक सर्व्हिस अधिकृत ठिकाणी केली आहे आणि बिलं जपून ठेवली आहेत, अशा सभासदांनी गाडी बनवणाऱ्या कंपनीचीच वाढीव वॉरंटी जरूर विचारात घ्यावी. मुदत संपायच्या आधीच ती घ्यावी लागते. तासांची मर्यादाही बघा. "दोन वर्षं किंवा अमुक तास, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं आणि भाड्याने चालणाऱ्या ट्रॅक्टरचे तास वर्षाच्या आत भरतात.

आणि कृपा करून वॉरंटी आणि विमा एक समजू नका. दोन जणांनी मला विचारलं, की हे कार्ड घेतलं तर विमा भरायचा नाही ना? भरायचाच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. ट्रॉलीखाली कोणी आलं तर वॉरंटीचा कागद काही कामाचा नाही.

मग १५ हजारांचं काय करायचं? निम्मे आत्ताच, पाऊस लागायच्या आधी, गाडीवर लावा. इंजिन ऑईल, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, फॅन बेल्ट, पुढच्या हबचे सील. मागच्या एक्सलचं तेल काढून बघा. दुधासारखं पांढरं दिसलं तर आत पाणी शिरलेलं आहे, ते तसंच ठेवून चिखलणीला उतरू नका. डिझेलचा कॅन रात्रभर स्थिर ठेवा आणि सकाळी तळाचं चार बोटं डिझेल न ओतता वरचं जाळीतून गाळून टाका. बिल मागायला लाजू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि बऱ्याच सुट्या भागांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे. दुकानदार जुनाच भाव सांगत असेल तर बिलावरच कळेल.

उरलेले निम्मे खात्यात.

कमिशनबद्दल मला स्पष्ट बोललं पाहिजे. आपली कंपनी सभासदांची आहे. आपण बियाणं विकतो तेव्हा ते उगवलं नाही तर तुम्ही ऑफिसात येऊन आम्हाला विचारू शकता. या कार्डाचा दावा नाकारला तर आम्ही काय उत्तर देणार? "कार्डवाल्याला फोन करा" एवढंच. ज्याची जबाबदारी घेता येत नाही त्याचं कमिशन घेऊ नये, असं मी बैठकीत सांगणार आहे. त्याऐवजी रोवणीच्या महिन्यात कंपनीने एक पॉवर टिलर राखीव ठेवावा आणि ज्याचा ट्रॅक्टर बसला त्याला तो डिझेलच्या खर्चावर द्यावा, असा माझा प्रस्ताव आहे. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न संचालक विचारतीलच. माझ्याकडे अजून पूर्ण उत्तर नाही. दहा-बारा ट्रॅक्टरवाल्या सभासदांनी थोडी थोडी रक्कम टाकली तर सुरुवात होऊ शकते. तुमचं मत मला व्हॉइस मेसेजने पाठवा, माडियात बोललात तरी चालेल, ऑफिसमधले दादा मला समजावून सांगतात.

ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत त्यांनी घाबरू नये. पावती, कार्ड आणि नियमांचा कागद तिन्हींचे फोटो काढून ठेवा. दावा विनाकारण नाकारला तर लेखी कारण मागा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती करता येते, म्हणजे गडचिरोलीला. विक्रेत्याच्या शहरात जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही.

ज्यांनी अजून सही केली नाही त्यांनी आधी नियमांच्या पानाचा फोटो मला पाठवावा. जाहिरातीचं रंगीत पान नको, मागचं बारीक अक्षरांचं पाहिजे. बाजाराच्या दिवशी मी दुपारपर्यंत ऑफिसात आहे, कागद घेऊन आलात तर सोबत बसून वाचू.