पाठफळीची उपेक्षा नको

यांत्रिक करवतीच्या केसासारख्या बारीक पात्याने लाकडात वेलबुट्टी कोरणाऱ्या हौशी कारागिराचे प्रदर्शनांतून मनमोकळे कौतुक होते. परंतु ती जाळी ज्या पाठफळीवर बसवावयाची, तिच्याविषयी जी अनास्था दिसते, ती त्या कलाकृतीच्या आयुष्यालाच घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लाकूड हे हवेतील आर्द्रता शोषणारे द्रव्य असून, तंतूंच्या लांबीत ते जवळजवळ अचल, तर रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगणारे व उन्हाळ्यात आक्रसणारे असल्यामुळे, अखंड सागवानी फळीवर आडव्या तंतूंची जाळी सर्वांगाने चिकटवली, तर कोकणातल्या दमट हवेत तिचे नाजूक देठ तडकण्याचा धोका राहतो. प्लायवुडचे पातळ थर एकमेकांस काटकोनात चिकटवलेले असल्याने परस्परांची हालचाल रोखून धरतात. म्हणून पाठीसाठी तेच श्रेयस्कर.

पॉलिशचे काम आधीच उरकावे, मात्र जाळीची मागील बाजू कोरी ठेवावी, कारण तेलकट पृष्ठावर फेव्हिकॉल नीट धरत नाही. आणि तोही थेंबाथेंबाने, कडेपासून किंचित आत लावावा, म्हणजे दाबाखाली बाहेर येऊन पाठीवर डाग पाडणार नाही. फिकट लाकडामागे गडद पाठ असली, की कोरलेली प्रत्येक रेषा दुरूनही ठळक उठते.

सबब शाळांतील हस्तव्यवसायाच्या तासाला ही विद्या रीतसर शिकवावी, आणि प्रदर्शनांच्या परीक्षकांनी गुणपत्रकात पाठफळीसाठी स्वतंत्र गुणांची तरतूद करावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.