हरलेल्या संघातली सर्वोत्तम

अमेरिकेच्या महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये १९९१ ची अंतिम लढत न्यू ऑर्लिन्स शहरात झाली. ती जादा वेळेत गेली आणि टेनेसीने व्हर्जिनियाला ७०-६७ असे हरवले. सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र २८ गुण करणाऱ्या, हरलेल्या संघातल्या डॉन स्टेली यांना मिळाला. व्हर्जिनियाच्या चाहत्यांसाठी अभिमान आणि हळहळ या एकाच सामन्यात एकवटली आहे.

स्टेली फिलाडेल्फियाच्या उत्तर भागातल्या सरकारी वसाहतीत मुलांबरोबर खेळून तयार झाल्या. उंची जेमतेम साडेपाच फूट, म्हणून खेळायची जागा पॉइंट गार्डची. चेंडू पुढे नेणे, कोण कुठे मोकळे होईल हे आधी ओळखणे आणि पास देणे हे या खेळाडूचे काम. १९८८ ते १९९२ या काळात त्यांनी व्हर्जिनियाला तीनदा अंतिम चार संघांत नेले. विजेतेपद एकदाही मिळाले नाही.

पुढे त्यांनी ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके जिंकली आणि २००४ साली अथेन्सच्या उद्घाटन सोहळ्यात अमेरिकेचा ध्वज वाहिला. व्यावसायिक खेळ चालू असतानाच २००० साली त्या टेंपल विद्यापीठाच्या प्रशिक्षक झाल्या. अनेक मोठे खेळाडू प्रशिक्षक म्हणून अडखळतात, कारण स्वतःला सहज जमणारी गोष्ट दुसऱ्याला शिकवणे अवघड असते. स्टेली यांचा खेळच मुळी इतरांना खेळवण्याचा होता.

२००८ मध्ये त्या साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या प्रशिक्षक झाल्या. पहिल्या हंगामात दहा विजय आणि अठरा पराभव. त्या दिवसांतली रिकामी आसने ज्यांनी पाहिली, त्यांनाच पुढच्या गर्दीची खरी किंमत कळते. काही वर्षांतच प्रेक्षकसंख्येत हा संघ देशात पहिला आला. २०१४ मध्ये त्याच राज्यातली खेळाडू एजा विल्सन संघात आली आणि २०१७ साली मिसिसिपी स्टेटला ६७-५५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळाले. १९९९ च्या विजेत्या प्रशिक्षक कॅरोलिन पेक यांनी विजेतेपदानंतर कापलेल्या बास्केटच्या जाळीचा तुकडा स्टेली यांना दिला होता. पुढे स्टेली यांनीही आपल्या जाळीचे तुकडे इतर कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षकांना पाठवले.

दुसरे विजेतेपद २०२२ चे. पण सर्वांत मोलाची आठवण तिसऱ्याची आहे. २०२३ च्या उपांत्य सामन्यात आयोवाच्या केटलिन क्लार्कने साउथ कॅरोलायनाच्या रेव्हन जॉन्सनला मुद्दाम मोकळे सोडले, हिला अडवायची गरज नाही असे हाताने खुणावले. तोवर अपराजित असलेली साउथ कॅरोलायना तो सामना हरली. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात पुन्हा आयोवाच समोर होती. क्लार्कने पहिल्या सत्रात १८ गुण केले, उरलेल्या तिन्ही सत्रांत मिळून फक्त १२. तिला रोखणाऱ्यांत हीच जॉन्सन होती. साउथ कॅरोलायना ८७-७५ ने जिंकली आणि हंगाम ३८-० असा संपला. विजयानंतर स्टेली यांनी खेळ उंचावल्याबद्दल क्लार्कचे जाहीर आभार मानले. दुखावलेल्या खेळाडूला वर्षभरात असे उभे करणे आणि जिंकल्यावर प्रतिस्पर्ध्याला मान देणे, ही त्यांच्या प्रशिक्षणाची खरी कसोटी होती.

एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठाच्या कोलंबिया शहरात स्टेली यांचा पुतळा उभा राहिला. कारकीर्द चालू असताना मिळालेला हा मान रास्तच आहे.